स्टुडिओतील समक्रमण यंत्रणा : उभारणी आणि जुळणी

दूरचित्रवाणी केंद्राच्या यंत्रकक्षात एक असे उपकरण असते, ज्याचे चालणे प्रेक्षकाला कधीही दिसत नाही, बिघडणे मात्र तत्काळ दिसते. त्याला समक्रमण स्पंद जनित्र असे म्हणतात. अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यात ते 'सिंक जनरेटर' किंवा नुसते 'एसपीजी' असते. कॅमेरे, दृश्यमिश्रक, ध्वनिमिश्रक, ध्वनिमुद्रण यंत्रे, संपादन संच आणि प्रसारणाचे सर्व्हर या सर्वांना एकाच लयीत चालविण्याचे काम हे उपकरण करते. नव्या स्टुडिओच्या उभारणीत कॅमेऱ्यांच्या आणि प्रकाशयोजनेच्या खरेदीवर जितकी चर्चा होते, तितकी या उपकरणावर क्वचितच होते. वृत्तनिवेदकाचे ओठ आणि आवाज यांची फारकत झाली की मात्र सर्वप्रथम त्याचीच आठवण होते.

अशा यंत्रणेची गरज का भासते, याचे उत्तर स्फटिकात आहे. प्रत्येक अंकीय उपकरणात क्वार्ट्झ स्फटिकाचे स्वतंत्र घड्याळ असते आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारख्या गतीने चालत नाहीत. दोन उपकरणांच्या घड्याळांत दशलक्षात २० भागांचा फरक असेल, तर तो कागदावर नगण्य वाटतो. परंतु तासाभरात हा फरक ७२ मिलिसेकंदांवर जातो. भारतात सेकंदाला २५ फ्रेम दाखविल्या जातात, म्हणजे प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. याचा अर्थ एका तासाच्या मुलाखतीच्या अखेरीस आवाज चित्रापासून जवळजवळ दोन फ्रेम सरकलेला असतो. चोवीस तास अखंड चालणाऱ्या यंत्रणेत हाच फरक पावणेदोन सेकंदांच्या घरात पोहोचतो. महागडी घड्याळे घेऊन हा प्रश्न सुटत नाही, तो केवळ लांबणीवर पडतो. दहा उत्तम घड्याळांच्या स्टुडिओपेक्षा एकाच सामान्य घड्याळाचा स्टुडिओ अधिक निर्दोष चालतो आणि समक्रमण यंत्रणेच्या उभारणीतील बहुतेक निर्णय याच एका गोष्टीतून निघतात.

लय, सम आणि मात्रा

समक्रमण या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत हे अनेक दोषांचे मूळ ठरते. संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर पहिली गोष्ट म्हणजे लय. सर्व उपकरणांची गती एकच असली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे सम. गती एकच असूनही एका कॅमेऱ्याची फ्रेम दुसऱ्याच्या फ्रेमच्या मध्यावर सुरू होत असेल, तर त्यांच्यात स्वच्छ बदल करता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आवर्तन कितवे आणि मात्रा कितवी, याची नोंद. पहिल्या दोन गोष्टी संदर्भ संकेताने साधतात, तिसरी टाइमकोडने. टाइमकोड हा फ्रेमचा पत्ता आहे. तो एकटा लय सांभाळू शकत नाही. दोन यंत्रांवर सारखाच टाइमकोड उमटत आहे, यावरून ती एका लयीत आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही.

ध्वनी आणि चित्र यांच्या जुळणीचा प्रश्न दूरचित्रवाणीच्याही आधीचा आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटासाठी ध्वनी आणि चित्र एकाच फिल्मवर एकाच वेळी मुद्रित करणारी पद्धत वापरण्यात आली होती. फिल्म एकच असल्याने तेथे दोन घड्याळांचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे ध्वनी वेगळ्या यंत्रावर मुद्रित होऊ लागला, तेव्हा कॅमेऱ्याच्या मोटारीच्या गतीचा एक सूक्ष्म संकेत ध्वनिफितीवर नोंदवून ठेवण्याची युक्ती निघाली. पोलंडमध्ये जन्मलेले स्विस अभियंता स्टेफान कुडेल्स्की यांच्या 'नाग्रा' यंत्रांनी ही पद्धत जगभर रुजविली. भारतीय चित्रपटसृष्टीने दरम्यानच्या दीर्घ काळात चित्रीकरणानंतर संवाद पुन्हा मुद्रित करण्याचा, म्हणजे डबिंगचा, मार्ग पत्करला. २००१ च्या 'लगान'मध्ये चित्रीकरणस्थळीच अंतिम ध्वनी मुद्रित करण्यात आला, तेव्हा त्याची स्वतंत्र चर्चा झाली, ती यामुळेच.

दूरचित्रवाणीला हा मार्ग मोकळा नव्हता. थेट प्रसारणात नंतर जुळवून घेण्यास वाव नसतो. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, ती ६२५ ओळींच्या कृष्णधवल पद्धतीने. त्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी उमटतात आणि एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद लागतात. कृष्णधवल काळात ओळी जुळल्या की काम भागत असे. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आले आणि अभियंत्यांची खरी कसोटी सुरू झाली. पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर वाहून नेली जाते आणि त्या लहरीचे एक आवर्तन सुमारे २२५ नॅनोसेकंदांत पूर्ण होते. नेहमीच्या केबलमधून संकेताला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. हिशेब केला असता, साडेबारा सेंटिमीटर केबल, म्हणजे जेमतेम अर्धी वीत, जास्त झाली तरी रंगाचा कोन एका अंशाने फिरतो. त्यामुळे त्या काळी दृश्यमिश्रकाकडे येणाऱ्या सर्व केबल समान लांबीच्या कापून उरलेली वेटोळी जमिनीखाली ठेवण्याची पद्धत होती. जुन्या स्टुडिओंच्या फरशीखाली आढळणारी केबलची ही भेंडोळी निष्काळजीपणाची खूण समजली जाते, परंतु बहुधा ती काटेकोरपणाची असते.

आधी वेग ठरवावा

यंत्राला हात लावण्यापूर्वी दोन आकडे निश्चित करावे लागतात. भारतातील प्रसारणासाठी ते सेकंदाला २५ फ्रेम आणि ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने हे होत. या दोहोंचे नाते अतिशय सोयीचे आहे. प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर १,९२० नमुने येतात, शिल्लक काहीच राहत नाही. अमेरिकेतील २९.९७ फ्रेमच्या पद्धतीत एका फ्रेमला १,६०१.६ नमुने येतात आणि हिशेब पूर्णांकात बसण्यासाठी पाच फ्रेमचा, म्हणजे ८,००८ नमुन्यांचा, गट करावा लागतो. त्याच पद्धतीत टाइमकोड घड्याळाशी जुळता ठेवण्यासाठी तासाभरात फ्रेमचे १०८ क्रमांक गाळावे लागतात. या कटकटीतून भारतीय अभियंत्यांची सुटका झालेली आहे.

ती संपूर्ण झाली आहे असे मात्र म्हणता येत नाही. परदेशी बनावटीची उपकरणे आणि संगणक प्रणाली अनेकदा २९.९७ फ्रेम अथवा ध्वनीच्या ४४,१०० नमुन्यांवर ठरवूनच येतात. एकच यंत्र त्या स्थितीत राहून गेले, तर दोष लगेच कळतही नाही. ४८,००० नमुन्यांवर मुद्रित केलेला ध्वनी ४४,१०० च्या गतीने वाजला तर आवाज जड आणि संथ होतो, हे कोणालाही ऐकू येते. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या गतीने दाखविला असता मात्र वेग सुमारे चार टक्क्यांनीच वाढतो आणि स्वर एका पट्टीपेक्षा थोडा कमी चढतो. कसलेल्या कानाशिवाय तो फरक कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या मेनूतील हे दोन आकडे स्वतः पाहून नोंदवावेत. ते योग्य असतीलच, असे गृहीत धरू नये.

यानंतर मुख्य घड्याळ कोणते, हे ठरविले जाते. सर्वसाधारणपणे ते समक्रमण जनित्रच असते. त्यातील स्फटिक तापमान स्थिर राखणाऱ्या लहानशा भट्टीत बसविलेला असेल तर अचूकता पुष्कळच वाढते, मात्र यंत्र सुरू केल्यावर त्याला स्थिरावण्यास अवधी द्यावा लागतो. उपग्रहाकडून वेळ घेण्यासाठी छतावर अँटेना लावण्याची सोयही अनेक जनित्रांत असते. एकाच इमारतीतील स्वतंत्र स्टुडिओला तिची अपरिहार्यता नाही. दोन केंद्रांचे संकेत एकत्र आणायचे असतील अथवा टाइमकोड प्रत्यक्ष घड्याळाशी जुळता ठेवायचा असेल, तर मात्र ती आवश्यक ठरते. अशा अँटेनाला मोकळे आकाश लागते आणि पावसाळ्यापूर्वी तिच्या वीजसंरक्षक जोडणीची तपासणीही लागते.

केबल आणि तिचे शेवटचे टोक

जनित्रातून बाहेर पडणारा पारंपरिक संदर्भ संकेत 'ब्लॅक बर्स्ट' या नावाने ओळखला जातो. ते वस्तुतः एक संपूर्ण काळे चित्र असते. त्यात ओळींचे आणि फ्रेमचे स्पंद तसेच रंगाचा संदर्भ असतो, दृश्य काहीच नसते. उच्च विभेदनाच्या उपकरणांसाठी तीन पातळ्यांचा स्पंद वापरला जातो. तो शून्याच्या खाली आणि वर सारखाच, म्हणजे ३०० मिलिव्होल्ट, जातो. मोजणी शून्य ओलांडण्याच्या क्षणापासून होत असल्याने संकेत क्षीण झाला तरी तो क्षण ढळत नाही. असे असले तरी भारतासारख्या ५० हर्ट्झच्या देशांत उच्च विभेदनाची बहुतेक उपकरणे जुना ब्लॅक बर्स्टही स्वीकारतात, कारण दोन्हींच्या फ्रेमची गती एकच आहे. जुनी वितरणव्यवस्था केवळ नव्या कॅमेऱ्यांसाठी मोडीत काढण्याचे कारण नसते.

हा संकेत ७५ ओहमच्या केबलवरून वाहून नेला जातो. येथे एक नेहमीचा घोटाळा संभवतो. जुन्या संगणक जाळ्यांची ५० ओहमची केबल दिसायला जवळजवळ तशीच असते आणि तिच्या टोकाला त्याच घडणीचे कनेक्टर असते. ती लावल्यास चित्र येते, यंत्र संदर्भ मिळाल्याचा हिरवा दिवाही दाखविते, परंतु संकेताचे प्रतिध्वनी केबलमध्ये फिरत राहतात आणि कधीतरी, बहुधा ऐन बातमीपत्रात, पकड सुटते. केबलच्या आवरणावर छापलेला क्रमांक वाचणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वितरणाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. वितरण प्रवर्धकातून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र केबल देणे ही पहिली, आणि एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ गुंफणे ही दुसरी. माळेत केबल कमी लागते, मात्र मधले एक यंत्र दुरुस्तीला काढले की पुढची सर्व यंत्रे निराधार होतात. पद्धत कोणतीही असो, प्रत्येक केबलच्या अगदी शेवटच्या टोकाला ७५ ओहमचा एकच रोध असावा लागतो. तो विसरला तर संकेताची पातळी दुप्पट होते आणि ३०० मिलिव्होल्टचा स्पंद ६०० होतो. माळेतील दोन यंत्रांनी तो रोध लावला तर पातळी दोनतृतीयांशावर येऊन २०० मिलिव्होल्टवर घसरते. काही उपकरणांत हा रोध आतच कायमचा बसविलेला असतो, काहींत मागील बाजूस बारीक खटका असतो, तर काहींत तो मेनूमध्ये दडलेला असतो. दोलनदर्शकावर पातळी पाहिल्यास दोन्ही चुका अर्ध्या मिनिटात उघड होतात.

यंत्रांना संदर्भ पोहोचला, एवढ्याने काम पूर्ण होत नाही. प्रत्येक यंत्राला तो संदर्भ पाळण्याची आज्ञाही द्यावी लागते. संदर्भाची निवड 'अंतर्गत' या स्थितीत राहिलेले यंत्र केबल जोडलेली असूनही स्वतःच्या स्फटिकावर चालत राहते. त्याचा दोष दिवसचे दिवस लपून राहू शकतो.

ध्वनीचे घड्याळ

चित्राच्या बाजूला चूक झाली तर ती डोळ्याला दिसते. ध्वनीच्या बाजूची चूक अधिक फसवी असते. अंकीय ध्वनिमिश्रकाला आणि मुद्रण यंत्रांना 'वर्ड क्लॉक' नावाचा चौकोनी स्पंद अथवा अंकीय ध्वनीच्याच स्वरूपातील संदर्भ पुरविला जातो. हा संदर्भ त्याच जनित्रातून निघालेला असला पाहिजे, ज्यातून चित्राचा संदर्भ निघतो. ध्वनिविभागाने स्वतःसाठी वेगळे आणि कितीही उंची घड्याळ आणले, तरी ते चित्राच्या संदर्भाला बांधलेले नसेल तर स्टुडिओत दोन घड्याळे झालीच. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या 'एईएस ११' या मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या संदर्भाची अचूकता दशलक्षात १ भाग आणि दुसऱ्या श्रेणीची दशलक्षात १० भाग अपेक्षित आहे. तथापि एकाच घड्याळाखाली असणे ही त्याही आधीची अट आहे.

ती पाळली गेली नाही तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. दोन यंत्रांत दशलक्षात २० भागांचा फरक असेल तर दर सेकंदाला सुमारे एक नमुना जास्त होतो किंवा कमी पडतो. स्वीकारणारे यंत्र तो गाळते अथवा तोच दोनदा वाचते आणि त्या ठिकाणी बारीकशी 'टिक' उमटते. बातम्यांच्या वाचनात, टाळ्यांत किंवा सतारीच्या झाल्यात ती सहज लपते. तानपुऱ्याच्या अखंड स्वरात अथवा बासरीच्या लांब श्वासात मात्र ती खड्यासारखी लागते. म्हणूनच तपासणीसाठी भाषण वाजवू नये. एक हजार हर्ट्झचा अखंड स्वर निदान दहा मिनिटे ऐकावा.

परस्परावलंबन हा ध्वनिविभागातील आणखी एक दोष आहे. मिश्रक संगणकाच्या ध्वनिसंचाकडून घड्याळ घेतो आणि ध्वनिसंच मिश्रकाकडून. दोघेही आपण दुसऱ्याच्या मागे आहोत या समजुतीत असतात आणि पुढे कोणीच नसते. अशी जोडी काही काळ बिनबोभाट चालते, मग हळूहळू आपल्या गतीच्या मर्यादेपर्यंत सरकत जाते आणि अचानक सुटते. कागदावर बाणांचे चित्र काढून प्रत्येक बाण शेवटी जनित्रापाशी पोहोचतो की नाही, हे पाहिल्यास हा दोष उभारणीपूर्वीच सापडतो. बाहेरून येणारा आणि आपल्या घड्याळाखाली आणता न येणारा ध्वनी नमुनादर परिवर्तकातून आत घ्यावा लागतो.

टाइमकोड

टाइमकोडची रचना अमेरिकेतील सोसायटी ऑफ मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन इंजिनिअर्स या संस्थेने प्रमाणित केली. प्रत्येक फ्रेमसाठी ८० बिट असतात. त्यांपैकी १६ बिट फ्रेमची सीमा ओळखण्यासाठी राखीव आहेत, ३२ वापरकर्त्याच्या नोंदींसाठी मोकळे आहेत. पंचवीस फ्रेमच्या पद्धतीत सेकंदाला २,००० बिट होतात आणि हा संकेत ध्वनीच्या साध्या तारेवरून जाऊ शकतो. ऐकला तर तो कर्कश किरकिरीसारखा वाटतो. चोवीस मार्गिकांच्या ध्वनिफितीच्या काळात तो शेवटच्या मार्गिकेवर मुद्रित करून तेविसावी मार्गिका रिकामी सोडण्याचा परिपाठ होता, अन्यथा ती किरकिर शेजारच्या वाद्यात झिरपत असे. आजही टाइमकोडच्या तारेवर कोणतीही ध्वनिप्रक्रिया करू नये, हा नियम कायम आहे.

टाइमकोड निर्माण करणारे यंत्रही संदर्भाला बांधलेले असावे, म्हणजे क्रमांक फ्रेमच्या प्रारंभीच बदलतो. बाह्य चित्रीकरणात कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांना सकाळी एकदा सारखा टाइमकोड देऊन सोडून देण्याची रीत आहे. त्यानंतर दोन्ही यंत्रे आपापल्या स्फटिकावर चालतात, त्यामुळे काही तासांनी ही भेट पुन्हा घडवावी लागते. भोजनाची सुटी त्यासाठी सोयीची ठरते. पाटीचा खटका मात्र वाजवावाच. टाइमकोडने दगा दिला तर संपादकाच्या हाती तेवढाच पुरावा उरतो.

गती जुळली, तरी उशीर राहतो

समक्रमण जनित्र बसविले म्हणजे ओठ आणि आवाज जुळलेच, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. जनित्र गती सांभाळते. चित्राला वाटेत होणारा विलंब त्याच्या अखत्यारीबाहेर आहे. संदर्भाला न बांधलेले चित्र स्टुडिओत आले की 'फ्रेम सिंक्रोनायझर' ते अडवून पुढील फ्रेमच्या प्रारंभापर्यंत थांबवून ठेवतो. हा विलंब एका फ्रेमपर्यंत, म्हणजे ४० मिलिसेकंदांपर्यंत, असतो. एकाच चित्राच्या वाटेवर अशी तीन यंत्रे आली तर चित्र १२० मिलिसेकंदांपर्यंत मागे पडू शकते. ध्वनी मात्र सरळ तारेने पुढे निघून गेलेला असतो.

हा प्रमाद किती गंभीर, याची मोजदाद झालेली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी १३५९ या शिफारशीनुसार ध्वनी ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला तो जाणवू लागतो. ९० मिलिसेकंद आधी आणि १८५ मिलिसेकंद उशिरा ही सहनशक्तीची मर्यादा मानली आहे. युरोपीय प्रसारण संघाची आर ३७ ही शिफारस अधिक कडक असून तिने ४० मिलिसेकंद आधी आणि ६० मिलिसेकंद नंतर एवढीच सवलत दिली आहे. दोन्ही बाजूंचे आकडे असमान असण्याचे कारण निसर्गात आहे. प्रकाश ध्वनीच्या आधी पोहोचतो, हे माणसाच्या सवयीचे आहे. दूरच्या घाटावर आपटलेल्या धुण्याचा आवाज उशिरा आला तर कोणी दचकत नाही. आपटण्याआधी आवाज आला तर दचकेल. वरील उदाहरणातील १२० मिलिसेकंदांचा फरक ध्वनी आधी येण्याच्या, म्हणजे असह्य बाजूचा आहे.

म्हणून प्रत्येक वाटेवरील चित्राचा विलंब मोजून तेवढाच विलंब ध्वनीला द्यावा लागतो. त्यासाठी एका फ्रेमचा पांढरा झोत आणि त्याच क्षणी वाजणारा टोला असा संकेत सोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्यातील अंतर मोजले जाते. साधने नसतील तर कॅमेऱ्यासमोर वाजविलेली टाळीही पुरते. ही तपासणी एकदाच करून थांबू नये. प्रारंभी एक टाळी आणि अखंड मुद्रण सुरू ठेवून तासाभराने दुसरी टाळी घ्यावी. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच आढळला तर तो विलंब आहे आणि ध्वनीला तेवढे थांबवून तो मिटतो. दुसऱ्या टाळीला फरक वाढलेला असेल तर कोठेतरी दुसरे घड्याळ चालू आहे आणि विलंबाचे कोणतेही बटण त्यावर इलाज करू शकत नाही. या दोन दोषांतील भेद न ओळखल्याने ध्वनी अभियंता रोज नवा विलंब भरत राहतो आणि रोज तो चुकतो, असे प्रकार घडतात.

जाळ्यावरील घड्याळ

गेल्या काही वर्षांत चित्र आणि ध्वनी संगणकीय जाळ्यावरून वाहून नेले जाऊ लागले आणि संदर्भाची वेगळी केबल अनेक ठिकाणी नाहीशी झाली. तिची जागा 'प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल' या पद्धतीने घेतली. आयईईई १५८८ या मानकाच्या २००२ आणि २००८ च्या आवृत्त्या या पद्धतीचा पाया होत. ध्वनीसाठी एईएस ६७ हे मानक २०१३ मध्ये, संदर्भवेळेसाठी एसटी २०५९ हे २०१५ मध्ये आणि चित्रध्वनीच्या वहनासाठी एसटी २११० हे २०१७ मध्ये आले. या व्यवस्थेत स्पंद पाठविले जात नाहीत, वेळ सांगितली जाते. १ जानेवारी १९७० च्या प्रारंभी, आंतरराष्ट्रीय अणुवेळेनुसार, सर्व संकेत एकाच क्षणी सुरू झाले होते असे मानून प्रत्येक यंत्र आजची आपली सम स्वतःच काढते. कोणत्याही दोन यंत्रांतील फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत राहावा, अशी अपेक्षा असते.

जुन्या चुका येथे नव्या रूपात भेटतात. या जाळ्यावर मुख्य घड्याळ कोण, हे यंत्रे आपापसात निवडणूक घेऊन ठरवितात. प्रत्येक यंत्र आपला अग्रक्रम जाहीर करते आणि लहान आकडा विजयी होतो. बहुतेक यंत्रांचा हा आकडा कारखान्यातून १२८ असाच येतो. मुख्य जनित्राचा अग्रक्रम हेतुपुरस्सर कमी केला नाही, तर निवड दुय्यम निकषांवर जाते. जनित्र काही कारणाने बंद पडले, तर एखादे किरकोळ ध्वनियंत्र संपूर्ण स्टुडिओचा नेता होऊन बसू शकते. दुसरी गफलत विभागक्रमांकाची आहे. एईएस ६७ ची यंत्रे साधारणपणे शून्य क्रमांकाच्या विभागात, तर एसटी २०५९ ची १२७ क्रमांकाच्या विभागात बोलतात. दोन्ही एकाच जाळ्यावर सुखाने नांदतात आणि परस्परांचे एक अक्षरही ऐकत नाहीत. शिवाय ध्वनिक्षेत्रात लोकप्रिय असलेली 'दान्ते' ही प्रणाली मुळात २००२ च्या आवृत्तीवर आधारलेली असल्याने तिला २००८ च्या आवृत्तीशी जोडण्याची खास तजवीज करावी लागते. जाळ्यातील स्विच हे या पद्धतीची जाण असलेले असावेत. अन्यथा गर्दीच्या वेळी वेळेचे निरोपही इतर वाहतुकीबरोबर रांगेत अडकतात.

अणुवेळ आणि नागरी वेळ यांतील फरक १ जानेवारी २०१७ पासून ३७ सेकंदांचा आहे. त्या दिवशी जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घालण्यात आला. तो जागतिक वेळेनुसार मध्यरात्री आला. भारतात मात्र तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजत होते, म्हणजे सकाळच्या सभांचा आरंभकाळ होता. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने आपल्या घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर तो सेकंद घातला. अशा प्रसंगी टाइमकोड कोणत्या क्षणी नागरी वेळेशी पुन्हा जुळवायचा, ही वेळ जनित्राच्या मेनूत आधीच ठरवून ठेवता येते. प्रसारणात खंड नसलेल्या केंद्रांनी ती सभांच्या मधल्या काळात ठेवणे इष्ट ठरते.

राहता राहिला प्रश्न जनित्रच बंद पडण्याचा. जेथे प्रसारण थांबविता येत नाही, तेथे दोन जनित्रे आणि त्यांच्यामध्ये आपोआप बदल करणारा संच बसविण्यात येतो. दोन्ही जनित्रांना वीज एकाच फलकावरून दिली असेल तर या खर्चाचा उपयोग होत नाही, म्हणून दोन वेगळ्या पुरवठ्यांची आणि बॅटरीची तरतूद करावी लागते. बदल करणारा संच खरोखर बदल करतो का, हे प्रसारण नसताना मुख्य जनित्राची केबल हाताने काढून पाहावे. उभारणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक उपकरणाचा संदर्भ कोठून येतो, शेवटचा रोध कोठे आहे, कोणत्या वाटेवर ध्वनीला किती मिलिसेकंद विलंब दिला आहे आणि तो कोणत्या तारखेला मोजला, याचा तक्ता यंत्रकपाटाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविण्याची पद्धत आहे. रात्रपाळीच्या अभियंत्याला दोष शोधताना सर्वप्रथम तोच लागतो.